नाव हरवलेल्या जास्वंदी आणि नाव विचारणारा सर्च

अगाशीवाले_नाना (बडोदे)

मंडळी, मदत हवी आहे, आणि नेहमीप्रमाणे सुरुवात लांबून करणार आहे. सहन करा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री चढली तेव्हा आमच्या कारेलीबागेत घरात पाणी आलं. धोक्याची पातळी २५ फूट, नदी ३५ च्या वर. लोक मगरींचे व्हिडिओ बघत होते, आम्ही जिन्यावर बसून अंगणातल्या कुंड्या तरंगत कुंपणाला जाऊन अडकताना बघत होतो. झाडं बरीचशी वाचली. वाहून गेल्या त्या पट्ट्या. वीसेक वर्षं जमवलेल्या जास्वंदी, प्रत्येकीचं नाव प्लॅस्टिकच्या पट्टीवर मार्करनं लिहिलेलं. काही पट्ट्या नंतर गाळात सापडल्या, पण कुठली कुठल्या कुंडीतली ते कोण सांगणार? वही खालच्या कपाटात होती, तिचा लगदा झाला.

उरलेल्या कुंड्या आता अगाशीवर आहेत. आमच्या हिनं त्यांना खडूनं नंबर घातले: पूर-१, पूर-२, असं करत पूर-२३.

थंडीत फुलं यायला लागली तसा एकेकीचं नाव शोधायला वाणांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या वेबसाइटवर बसलो. कुठल्या ते लिहीत नाही, कारण अशा तीन-चार साइट पालथ्या घातल्या आणि सगळीकडे रडगाणं एकच. पानावर चौकट येते. पहिला रकाना: नाव.

अहो, नाव ठाऊक असतं तर मी इथं कशाला आलो असतो?

दुसरा रकाना नोंदवणाऱ्याचं नाव. तिसरा वर्ष. चौथा रंग, त्यात आठ-दहा रंगांची यादी. पूर-७ घ्या. दुहेरी फूल, पाकळी शेंदरी म्हणावी तर कडेला अबोलीकडे झुकणारी, मध्ये डाळिंबी डोळा. यादीत ‘लाल’ आणि ‘नारिंगी’. लाल निवडलं तर पानंच्या पानं, तीही नावाच्या अकारविल्हे, फोटो उघडायला प्रत्येक नावावर वेगळं टिचकवायचं. नारिंगी निवडलं तरी तेच. दोन्ही निवडायची सोय नाही.

एकीचं नाव अर्धवट आठवत होतं. जुन्या ईमेलमधून उचलून चिकटवलं. शून्य निकाल. तेच नाव हातानं टाइप केलं तर सापडलं! का ते अजून कळलेलं नाही.

चिडून त्यातल्या एका साइटवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण एका स्वयंसेवक बाईंचं फार गोड उत्तर आलं. सर्चचं काम नव्यानं करायला घेतलंय, महिनाअखेरपर्यंत सूचना पाठवा म्हणाल्या. तर सांगा, काय काय मागू? तुमच्यात संगणकवाले आहेत, बागवाले आहेत. एकच विनंती, ‘एआय लावा’ एवढंच लिहून जाऊ नका.

जुईची_वेल

नाना, एआय लावा.

(पळते.)

बग_माळी (पुणे, मूळ दांडिया बाजार)

नाना, तुमचं शून्य निकालाचं कोडं आधी सोडवतो, कारण सगळ्यात स्वस्तात सुटणारा रोग तोच आहे.

जोपासलेल्या वाणाचं नाव एकेरी अवतरणात लिहायचा नियम आहे. ईमेलमधून उचललेल्या नावाला वळलेली अवतरणं असतात, कीबोर्डवरून टाइप केली तर सरळ. आपल्या डोळ्याला दोन्ही एकच, संगणकाला दोन निराळी अक्षरं. संकराच्या खुणेचंही तसंच. खरी खूण गुणाकाराची ×, माणसं टाइप करतात इंग्रजी एक्स. शिवाय फ्रेंच नावांच्या डोक्यावरचे टिंब-टोपी, दोन शब्दांमधली जोडरेघ, शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा. शोधायच्या आधी हे सगळं दोन्ही बाजूंनी पुसून टाकायचं, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या शब्दातलंही आणि नोंदीतलंही. एका दुपारचं काम आहे.

दुसरी गोष्ट जवळपासची स्पेलिंग. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतला ‘रक्तगंधा’ गुलाब घ्या. रोमन लिपीत कोणी ‘त’साठी टी लिहितो, कोणी टीएच. लेव्हेनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञानं १९६५ मध्ये दोन शब्दांमधलं अंतर मोजायची रीत दिली: किती अक्षरं बदलली, घातली किंवा काढली की एकाचा दुसरा होतो. इथं अंतर फक्त १. सर्चनं म्हणावं, ‘हे सापडलं नाही, पण एका अक्षराच्या अंतरावर हे आहे, बघता का?’

उच्चारावरून शोधायची रीत त्याहून जुनी आहे, साउंडेक्स, अमेरिकेत १९१८ चं पेटंट. ती इंग्रजी आडनावांसाठी केलेली, त्यामुळे आपल्या नावांना अर्धीच लागू पडते. ‘चित्रा’ टीनं लिहा नाहीतर टीएचनं, संकेत सारखाच येतो, सी ३६०. पण समजा झाडाचं नाव ‘वसंत’ आहे. व्हीनं लिहिलं तर व्ही २५३, डब्ल्यूनं लिहिलं तर डब्ल्यू २५३, कारण पहिलं अक्षर ती जसंच्या तसं ठेवते. आपल्याकडे तर गोंधळ पहिल्या अक्षरातच! व्ही-डब्ल्यू, झेड-जे, एफ-पीएच. म्हणून नुसतं ‘उच्चारी सर्च द्या’ असं मागू नका, या जोड्या लिहूनच द्या.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत मोलाची. कोणी काय शोधलं आणि हात हलवत परत गेलं, याची नोंद ठेवा म्हणावं. शोधणाऱ्याचं नावगाव नको, नुसता टाइप केलेला शब्द. महिन्याची ती यादी समोर ठेवली की सूचना मागायची वेळच येणार नाही.

पादरा_रोड

मला एक समजत नाही. नोंदणी म्हणजे शेतकऱ्यांची वाणं नोंदवतात तीच ना? आमच्या काकांनी तुरीच्या वाणासाठी फॉर्म आणले होते. तिथं तर चाचणी होते, सगळं सरकारी असतं. फुलांचं हे काय निराळंच?

हर्बेरियमवाल्या_बाई

पादरा रोड, दोन्ही निराळं. तुम्ही म्हणता तो २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. तिथं वाण वेगळं आहे का, एकसारखं आहे का, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं का, हे शेतात लावून तपासतात. नोंदणी झाली की हक्क मिळतो, पिकांना १५ वर्षं, झाडं आणि वेलींना १८.

नाना म्हणतात त्या आंतरराष्ट्रीय नोंदवह्या नुसत्या नावांच्या. हक्क काही मिळत नाही. एका गटात एक नाव दोन झाडांना पडू नये एवढ्याचसाठी. प्रत्येक गटाची राखणदारी एकेका संस्थेकडे असते. ऑर्किडच्या संकरांची लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे, गुलाबाची अमेरिकन रोझ सोसायटीकडे. बोगनवेल आणि आंबा, दोन्हींचं काम आपल्या दिल्लीच्या अनुसंधान संस्थेकडे आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आता नाना, तुम्हाला थोडं बोलते, रागावू नका. विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, मी बरीच वर्षं नमुने कागदावर चिकटवण्यात घालवली आहेत. नोंदवही म्हणजे जन्मनोंद. ती काही पोलिसांची ओळखपरेड नव्हे. जन्मनोंदीच्या कचेरीत जाऊन ‘गोरा, उंच, गालावर तीळ असलेला मुलगा कोणाचा?’ असं कोणी विचारत नाही. जास्वंदीचं फूल थंडीत एका रंगाचं, मे महिन्यात दुसऱ्या. खत बदललं की आकार बदलतो. फोटोवरून आणि रंगावरून नाव लावायची सोय करून दिली, की लोक आपल्या कुंडीला हवं ते सुंदर नाव लावणार आणि पुढे त्याच नावानं कलमं वाटणार. चुकीच्या नावापेक्षा ‘पूर-७’ बरं. ते खरं तरी आहे.

जुईची_वेल

बाईंच्या शेवटच्या वाक्याला +१.

नाव_चार_झाड_एक

मी गुलाबवाली. सर्चमध्ये नेमकी काय गोची होते ते एका झाडावरून दाखवते.

फ्रान्समध्ये मेयाँ कुटुंबानं पिवळ्यावर गुलाबी झाक असलेला गुलाब काढला. फ्रान्समध्ये तो ‘मादाम ए. मेयाँ’, मेयाँच्या आईच्या नावानं. महायुद्ध सुरू होतं, कलमाचे डोळे आधीच देशोदेशी गेलेले. इटलीत तो ‘जोया’ झाला, जर्मनीत ‘ग्लोरिया दाय’, आणि अमेरिकेत १९४५ मध्ये ‘पीस’. चारही पट्ट्या खऱ्या, झाड एक. आमच्याकडे ते सासऱ्यांच्या हातचं आहे, आणि त्यांच्या वहीत ‘पीस’ नसून ‘ग्लोरिया’ एवढंच लिहिलंय, कारण ज्यांनी दिलं त्यांनी तसं सांगितलं.

यातलं कुठलंही नाव टाकलं तरी मी एकाच नोंदीवर पोचायला हवी. नुसतं पोचवूनही भागत नाही. वर एक ओळ हवी, ‘तुम्ही अमुक शोधलंत, ते याचंच दुसरं नाव आहे’. नाहीतर माणसाला वाटतं सर्च चुकला आणि तो परत फिरतो. ‘मादाम’ पूर्ण लिहिलं काय आणि तीन अक्षरांत आखडून लिहिलं काय, तेही एकच धरलं पाहिजे.

बग_माळी

जोडीला नोंदीची अवस्था. हे नाव मान्य, हे जुनं, हे नाकारलेलं, हे नर्सरीवाल्यांनी ठेवलेलं. रंगाच्या टिकलीनं नव्हे, शब्दात लिहून. मोबाइलवर टिकल्या कळत नाहीत.

खुर्ची_नर्सरीतली

नर्सरीवाल्यांवर आलंच शेवटी! 😄

आमच्याकडे आंध्रातल्या कडियमहून आणि पुण्याहून ट्रक येतो त्यात कुंड्या असतात, नावं नसतात. ‘पुणे हायब्रीड’, ‘ऑस्ट्रेलियन’, एवढंच. गिऱ्हाईक विचारतं हिचं नाव काय, आम्ही म्हणतो ‘ऑस्ट्रेलियन जासूद’. खोटं बोलायची हौस नाही, पण खरं नाव शोधायला बसलं तर दुकान कोणी बघायचं? मोबाइलवर दहा सेकंदांत कळलं तर मी रोज वापरीन. आत्ताच्या साइटवर रकाने भरता भरता मोबाइलची स्क्रीन दोनदा झोपते.

नाना, पुराच्या त्या चार दिवसांत आमचंही बरंच गेलं. तुमची तेवीस वाचली म्हणजे नशीब समजा.

अगाशीवाले_नाना

बाई, रागावत कसला, तुम्ही म्हणता ते पटलं. दोन दिवस हिंचक्यावर बसून तेच घोळवत होतो. पण मग एक लक्षात आलं, ते सांगतो.

नोंदवहीचं काम एक नाव दोघांना पडू नये, बरोबर? मग नव्या नावाचा अर्ज आला की तिथली स्वयंसेवक बाई काय करत असेल? सर्चच करत असेल ना! आणि नियमात नुसतं तेच नाव नको असं नाही, वाचताना-बोलताना गोंधळ होईल इतकं सारखं नावही चालत नाही. म्हणजे ‘चित्रा’ आधीच असेल तर स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवून दुसरी ‘चित्रा’ यायला नको. मग एका अक्षराच्या अंतरावरचं दाखवणारा सर्च ही माझी, हरवलेल्या कुंडीवाल्याची, चैन कुठे राहिली? तुमच्या जन्मनोंदीच्या कचेरीलाच तो आधी हवा. आजच्या चौकटीत तंतोतंत जुळलं तरच सापडतं. जुळ्या नावांना दार सताड उघडं आहे.

तेव्हा पत्राची सुरुवात मी यानंच करणार आहे. माझं रडगाणं नंतर.

हर्बेरियमवाल्या_बाई

हे मात्र बिनतोड आहे. मागे घेते. अर्धं.

उरलेलं अर्धं असं, की वर्णनावरून शोधू द्या, पण निकालावर ‘हेच तुमचं झाड’ असं लिहू नका. ‘या वर्णनाच्या इतक्या नोंदी आहेत’, बस. आणि ज्या नोंदीत रंग लिहिलेलाच नाही, ती शोधातून गळू देऊ नका. जुन्या नोंदी एका ओळीच्या असतात, नाव, काढणारा, झालं. तुम्ही ‘दुहेरी’ निवडलं की पाकळ्यांचा रकाना रिकामा असलेल्या सगळ्या जुन्या नोंदी गुपचूप गायब होतात. रिकामा म्हणजे ‘नाही’ नव्हे. त्या खाली वेगळ्या दाखवाव्यात, ‘माहिती अपुरी, पण असू शकतील’ म्हणून. पुरात गेलेली तुमची झाडं जुनीच असणार, त्यामुळे तुम्हाला नेमक्या त्याच हव्यात.

जर्सीतला_बडोदेकर

आज वेळ मिळाला. इथं आम्ही डेलिली लावतो. तिच्या नोंदी लाखाच्या घरात आहेत, त्यामुळे सर्च बरा नसता तर वेडच लागलं असतं. मला तिथं आवडतं ते म्हणजे मोजमापाची मर्यादा घालता येते, फूल इतक्यापासून इतक्या इंचांपर्यंत, दांडा इतका उंच. नाना, फूटपट्टी खोटं बोलत नाही, रंग बोलतो. फुलाचा व्यास आधी मागा.

दुसरं, आईबापावरून शोध, दोन्ही दिशांनी. याचे आईबाप कोण ते सगळेच दाखवतात. पण याची पोरं कोण हेही कळलं पाहिजे. पूर-७ चं नाव कळलं नाही तरी तिच्यासारख्या तीन बहिणी एकाच आईच्या निघाल्या तर शोध केवढा आवरतो!

अवांतर: सेव उसळ मिस करतोय. तुमच्याकडे थंडी म्हणजे किती हो, १२?

जुईची_वेल

रंगाबद्दल मी गंभीरपणे लिहिते, आधीचा विनोद पोटात घाला.

आपल्या आज्यांकडे साडीमुळे रंगांचे केवढे शब्द होते. आमसुली, डाळिंबी, अबोली, मोतिया, कुसुंबी, राणी, शेवाळी. दुकानदाराला ‘आमसुली दाखवा’ म्हटलं की तो वांगी रंग काढायचा नाही. या साइटवाल्यांकडे ‘लाल’!

बागवाल्यांचा रंगतक्ता असतो ना, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा? कॉलेजमध्ये एकदा हाताळलाय. पंख्यासारख्या उलगडणाऱ्या पट्ट्या, आणि रंगाच्या प्रत्येक चौकोनाला मधोमध भोक. पाकळीवर पट्टी ठेवायची, भोकातून पाकळी दिसते, आणि कडेच्या रंगात ती विरघळून गेली की तो नंबर. थेट उन्हात नाही, सावलीतल्या उजेडात बघायचं. पहिला तक्ता १९६६ चा, २०१५ च्या आवृत्तीत ९२० रंग. नोंदींमध्ये ‘४५ ए’ असं लिहिलेलं दिसतं ते यातलंच. पण तो महाग आहे आणि शोधणाऱ्याकडे नसतो. मग नंबर लिहून उपयोग कोणाला?

बग_माळी

जुई, उपयोग आहे, मध्ये दुभाषा हवा. ९२० नंबर आत राहू देत. बाहेर वीसेक रंगांचे ठिपके ओळीत मांडायचे, शेजारचे रंग शेजारी. माणूस एका ठिपक्यावर बोट ठेवतो, सर्च त्या नंबराच्या आजूबाजूचे सगळे नंबर घेतो. लाल की नारिंगी हा वादच मिटला. पाकळीचा रंग वेगळा, कडेचा वेगळा, डोळ्याचा वेगळा. नानांच्या पूर-७ ला तीन बोटं ठेवावी लागतील एवढंच.

मोबाइलच्या स्क्रीनवर रंग थोडा खोटा दिसतो हे मान्य. म्हणून तर ‘आजूबाजूचे’.

पादरा_रोड

आणि मराठीत किंवा गुजरातीत टाइप केलं तर? आमच्या आईला इंग्रजी येत नाही. बाग मात्र तीच सांभाळते.

अगाशीवाले_नाना

पादरा रोड, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. नोंदीतलं अधिकृत नाव रोमन लिपीतच राहणार, त्याचं भाषांतर तर करायचंच नसतं. पण देवनागरीत ‘शुभ्रा’ लिहिलं की त्या नावाच्या पांढऱ्या बोगनवेलीपर्यंत जायला काय हरकत आहे? लिपी बदलणं म्हणजे भाषांतर नव्हे. बग माळी, होईल ना हे?

बग_माळी

होईल. उलट देवनागरीतून आलेलं सोपं, कारण उच्चार पक्का असतो. ‘शुभ्रा’ची रोमन स्पेलिंगं चार-पाच होतील, तेवढी सगळी शोधायची. रोमनमधून उलटं येताना खरी पंचाईत.

अगाशीवाले_नाना

पत्र काल रात्री गेलं. एक पानात बसवायचं ठरवलं होतं, दोन झाली. क्रम असा लावला: आधी अवतरणं आणि ×, मग जवळपासची स्पेलिंगं (त्यात नव्या अर्जांचा मुद्दा ठळक), मग दुसरी नावं, रिकामे रकाने, व्यास, पोरंबाळं, रंगांचे ठिपके. लिपीचं शेवटी. शून्य निकालांची यादी ठेवा हे मात्र सगळ्यांत वर, वेगळ्या चौकटीत. बाईंचं ‘हेच तुमचं झाड असं लिहू नका’ हे वाक्य जसंच्या तसं घातलं.

आज सकाळी उत्तरही आलं. शून्य निकालांची नोंद लगेच सुरू करतो म्हणाल्या, अवतरणांचं याच महिन्यात होईल. रंगाच्या ठिपक्यांना वेळ लागेल, कारण जुन्या नोंदींत नंबरच नाहीत, ‘सुंदर लाल’ एवढंच लिहिलेलं आहे. ते कोणीतरी एकेक वाचून भरायला हवं. म्हणाल्या, ‘तुम्ही भराल का?’

हर्बेरियमवाल्या_बाई

अडकलात.

अगाशीवाले_नाना

अडकलोच. हो म्हणून बसलोय. रोज संध्याकाळी वीस नोंदी. जुई, तुमच्या त्या आमसुलीचा उपयोग होणार, तयार राहा.

खुर्ची_नर्सरीतली

नाना, पट्ट्यांचं काय केलंत? पुन्हा मार्कर नको. उन्हानं दोन वर्षांत उडतो. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी घ्या, पेन्सिलनं दाबून लिहा, तारेनं खोडाला सैल बांधा. पेन्सिल गेली तरी दाबलेलं अक्षर राहतं. दुकानात आहेत, घेऊन जा, पैसे नंतर.

अगाशीवाले_नाना

येतो शनिवारी. तेवीस हव्यात.

पूर-७ आज पुन्हा फुललीय. व्यास साडेपाच इंच, दोनदा मोजला. कडेचा रंग मी अबोली म्हणतोय, ही म्हणते डाळिंबी फिकट झालीय. दुपारी चारला बघितली तर दोघंही चूक, सगळीच गुलाबीकडे गेलेली. उद्या सकाळी आठच्या आत कठड्याच्या सावलीत फोटो काढून इथं टाकतो.